परक्या हाताची दाद

वैजयंताला हळद लावताना तिच्या माम्या-मावश्या घामाघूम झाल्या होत्या. गालाला हात लागला की ती खिदळायची, पायाला लागला की पाय पोटाशी घ्यायची, आणि मानेला हळद लावायची वेळ आली तेव्हा तर पाटावरून उठून थेट परसदारी पळाली. नवरीने हळदीत डोळे पुसायचे असतात, निदान मान खाली घालून बसायचं तरी असतं; ही बया हसून हसून लोळत होती. शेवटी थोरल्या मामीने "लाव बाई तुझी तूच" म्हणून वाटी तिच्या हातात दिली. स्वतःच्या हाताने मात्र तिने मानेला, पायाला, सगळीकडे गुमान हळद लावून घेतली. तासगावात ही गोष्ट पुढे बरीच वर्षं सांगितली जायची.

बांगड्या भरायला कासार आला तरी तीच गत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूने हे लक्षण ओळखलं आणि लेकाला बाजूला घेऊन म्हणाली, "धना, पोरगी गुणाची हाय, पण अंगाला हात लावू देत न्हाई कुणाला. संसार कसा व्हायचा रं?"

धनाजी नुसता हसला. त्याच्या हाताला वैजयंता कधीच खिदळली नव्हती.

धनाजी काशीद पिढीजात नाभिक. कराडला मंडईच्या मागे त्याच्या आजोबांनी घातलेलं सलून होतं. वस्तरा हातात द्यायच्या आधी बापाने त्याला वर्षभर एकच गोष्ट शिकवली होती, हात कसा टेकवायचा ती. "आधी डावा पंजा. भक्कम. गिऱ्हाइकाला कळू दे, आपण आलोय. मग जरा दम खा. मग उजवा हात. हलक्या हातानं गेलास की माणूस शहारतो, शहारला की हलतो, आणि हलला की रक्त." ही शिकवण धनाजीच्या अंगात इतकी मुरली की पुढे तो लेकीला उचलतानासुद्धा आधी डावा पंजा तिच्या पाठीला टेकवायचा. बायकोला जवळ घेतानाही तसंच. वैजयंता म्हणायची, "अख्ख्या दुनियेत तुमचाच तेवढा हात मला सोसतो बघा." धनाजीला याचा मोठा अभिमान होता, आणि का असू नये?

अशी पंचवीस-एक वर्षं गेली. मग एका सकाळी ध्यानीमनी नसताना, कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावता लावता वैजयंता शिलाई मशिनवर कोसळली. मेंदूच्या देठापाशी रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, पण वाचला म्हणजे एवढंच, की गळ्यातल्या भोकातून यंत्र श्वास देत होतं आणि पोटातल्या नळीतून अन्न जात होतं. डोळे उघडे असायचे, पण ते कुणाकडे वळायचे नाहीत. पापणी सांगून मिटायची नाही. बोटाचं टोकही हलत नव्हतं. ती आत आहे की नाही, हे कुणालाच सांगता येईना. जुन्या चाचण्या एकदा हो म्हणायच्या, एकदा नाही.

कोयनेच्या काठी 'अनुबंध' नावाचं शुश्रूषा केंद्र होतं, तिथे तिला ठेवलं. धनाजी दुपारी सलून बंद करून जायचा. तिचे केस धुवायचा, नखं काढायचा, पाय चेपायचा. चार वर्षांत त्याने खाडा केला नाही. सलूनही आता पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. चेहऱ्यावर मुखवटा चढवला की दाढी आपोआप होऊन जाते, अशी यंत्रं तालुक्याच्या गावातही आली होती. धनाजीकडे यायची ती जुनी माणसं आणि यंत्राला घाबरणारी. लेक प्रांजल पुण्यात नोकरीला होती. दर शनिवारी यायची, आईशेजारी बसायची, आणि परतताना एसटी स्टँडवर रडायची. ती एकदा बापाला म्हणाली, "अप्पा, आई आत असेल तर मी जन्मभर येईन. पण नसेल तर तसं कळू दे. हे मधलं लटकणं मला सोसत नाही."

आणि त्याच वर्षी केंद्रात गुदगुल्यांची चाचणी आली.

"स्वतःला गुदगुल्या करून बघितल्यात कधी?" केंद्रातल्या डॉक्टर नीलोफर मुजावरांनी विचारलं.

मॅडम चेष्टा करतायत असं धनाजीला वाटलं. पण त्या गंभीर होत्या. म्हणाल्या, "बघा करून. होणार नाहीत. कुणालाच होत नाहीत."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आपण हात हलवायचा हुकूम सोडला, की त्या हुकमाची एक प्रत मेंदूच्या मागच्या अंगाला, लहान मेंदूकडे जाते. लहान मेंदू आधीच अंदाज बांधतो, की आता हे बोट अमुक जागी, अमुक जोराने लागणार. प्रत्यक्ष स्पर्श झाला की तो अंदाजाशी ताडून बघितला जातो. जुळला, तर 'आपलाच हात आहे, गडबड नको' असा निरोप पुढे जातो आणि तो स्पर्श बोथट होतो. दुसऱ्याच्या हाताची अशी आगाऊ वर्दी नसते. म्हणून तिथे आपण उसळतो, हसतो.

"आता ही टोपी," त्या म्हणाल्या. टोपीला आतून बारीक बारीक चकत्या लावलेल्या होत्या. "तळपायाला कुणी बोट लावलं, की पडद्यावर आधी एक छोटा उंचवटा येतो. आम्ही त्याला पोच म्हणतो. टपाल आलं, शिक्का बसला. माणूस गाढ बेशुद्ध असला तरी पोच येते. त्याच्यामागून येतो तो मोठा उंचवटा, ती दाद. ती मात्र घरात कुणी असेल तरच येते. जो अंदाज बांधतो, चुकतो, चकित होतो, असा कुणीतरी आत लागतो त्याला."

"मग करा की तुमी," धनाजी म्हणाला.

"माझ्या हाताने भागायचं नाही. भीती असली की गुदगुल्या मरतात. उंदरांवर प्रयोग झालेत. ओळखीच्या हाताने गुदगुल्या केल्या की उंदीर आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजात चिवचिवतात, आणि घाबरलेला उंदीर गप्प राहतो. म्हणून नियम असा, की घरच्या माणसानेच करायच्या."

"मी करते," प्रांजल म्हणाली.

"तू ऱ्हाऊ दे," धनाजी पुढे झाला. "तिला माझ्या हाताची सवय हाय. दुसऱ्याचा हात तिला सोसत न्हाई."

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सवयीचाच हात बरा."

या एका वाक्यापाशी तिघांपैकी कुणीतरी थांबायला हवं होतं. पण धनाजीच्या मनात बायकोची काळजी होती, लेकीच्या मनात बापाचा मान होता आणि डॉक्टरांच्या मनात नियम होता. तिघेही आपापल्या जागी शहाणे होते, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

धनाजीने वैजयंताच्या तळपायावर बोट फिरवलं, मानेवर फिरवलं, काखेत फिरवलं. पोच दर वेळी आली. दाद एकदाही आली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा. पडद्यावर पोचेच्या पुढे रेघ सरळ जायची, सांडलेलं काही नाही अशा स्वच्छ फरशीसारखी.

"तुमची टोपी बिघडलीय," धनाजी म्हणाला.

डॉक्टरांनी टोपी त्याच्याच डोक्याला चढवली आणि प्रांजलला खूण केली. तिने मागून येऊन बापाच्या कमरेत बोटं खुपसली. धनाजी वीतभर उडाला, आणि पडद्यावरची दाद वरच्या कडेला जाऊन भिडली. टोपीला काही झालं नव्हतं. धनाजीने ती काढून डॉक्टरांच्या हातात दिली.

केंद्राच्या वैद्यकीय समितीने कळवलं, की जाणीव उरल्याची खूण नाही, श्वासाचं यंत्र काढायला हरकत नाही, घरच्यांची संमती हवी. आठवडा गेला. मग एका दुपारी धनाजी म्हणाला, "दसरा हू दे. मग करा काय करायचं ते."

त्या दिवसांत वैजयंताची बहीण तासगावहून शेवटचं बघून घ्यायला आली. पलंगाशी उभा राहून धनाजी तिला म्हणाला, "आत कुणी न्हाई ताई. चार वर्षं मी मेलेल्या माणसाचे पाय चेपत बसलो. येडा मी." हे तो मोठ्याने बोलला. हळू कशाला बोलायचं, असं त्याला वाटलं.

दसऱ्याच्या आधी तो केंद्रातल्या इतर रुग्णांची दाढी करायला म्हणून गेला. तेवढंच हाताला काम. तिथे केंगार गुरुजी म्हणून एक म्हातारे होते. अर्धांगवायू झाल्यापासून त्यांच्या मानेला कुणी हात लावला की ते ओरडायचे. नर्सेसनी त्यांची दाढी करायचा नाद सोडला होता. धनाजीने टॉवेल लावला, साबण लावला आणि गळ्यावरून वस्तरा असा फिरवला, की गुरुजींना डुलकी लागली.

डॉक्टर मुजावर दारात उभ्या राहून बघत होत्या. "तुमच्या हाताला हे गप्प कसे राहतात?"

"आमच्या धंद्याची पैली शिकवण हाय ती," धनाजीने सांगितलं, आणि बापाचं ते सगळं, आधी डावा पंजा, भक्कम, गिऱ्हाइकाला कळू दे, हे त्याने हौसेने करून दाखवलं. "शहारायला जागाच ऱ्हात न्हाई माणसाला."

डॉक्टर म्हणाल्या, "जरा माझ्याबरोबर या."

खोलीत नेऊन त्यांनी चाचणीचं चित्रीकरण लावलं. धनाजीने बघितलं. पडद्यावरचा धनाजी वैजयंताच्या पायाशी बसला, डावा पंजा तळपायाखाली टेकवला, एक श्वास थांबला आणि मग उजवं बोट फिरवलं. मानेच्या वेळी डावा पंजा खांद्यावर. काखेच्या वेळी दंडावर. दर वेळी.

"हे तुम्ही मुद्दाम करत होता?"

"काय?" धनाजीने विचारलं. त्याला खरंच दिसत नव्हतं. माणूस चालताना आपला कुठला पाय आधी पडतो हे बघतो का?

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "धनाजीभाऊ, तुम्ही दर वेळी तिला आगाऊ वर्दी देत होता. मी सगळा वेळ पडद्याकडे बघत राहिले. तुमच्या हाताकडे बघितलंच नाही मी." त्यांनी चित्रीकरण थांबवलं. "दसऱ्याला आपण काय करून बसलो असतो!"

प्रांजलला फोन गेला आणि ती मिळेल त्या गाडीने आली. आधी धनाजीनेच डावा हात पाठीमागे धरून बघितलं. तरी दाद आली नाही. त्याची पावलं, साबणाचा वास, वाकताना होणारा श्वास, सगळीच वर्दी. मग त्याला दाराबाहेर उभं केलं. प्रांजल काही न बोलता पायाशी गेली आणि तिने आईच्या तळव्यावरून एकच बोट भर्रकन ओढलं.

पोच आली. आणि तिच्यामागून दाद उठली, चांगली उंच, ठसठशीत.

"अप्पा! अप्पा, आई आहे!" प्रांजल हसत होती का रडत होती, ते तिचं तिलाही कळत नसावं. धनाजी आत धावला. वैजयंताचा चेहरा होता तसाच होता, ओठाची कडसुद्धा हलली नव्हती, आणि पडद्यावर मात्र ती हळदीच्या पाटावर बसल्यासारखी उसळत होती. धनाजीने केंद्रभर पेढे वाटले. गुरुजींना भरवला. पेढ्याचा पुडा संपल्यावर तो जिन्यात बसला, आणि तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं.

"मॅडम, म्हंजी ती सगळं ऐकत हुती?"

डॉक्टरांनी हो म्हणून मान हलवली.

"मी मेलेल्या माणसाचे पाय चेपतोय म्हणालो, ते बी?"

तो आत गेला आणि बायकोच्या पायावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडला. तिने माफ केलं की नाही, हे त्याला कळायला अजून काही दिवस होते.

तिलाच विचारून घ्यायची एक युक्ती डॉक्टरांनी सुचवली. गुदगुलीची वाट बघत बसलं, की ती बोथट होते. वाट बघणं म्हणजे अंदाज बांधणंच. मग वैजयंताला सांगायचं, की 'हो' असेल तर उजव्या तळव्याची वाट बघ, 'नाही' असेल तर डाव्याची. आणि दोन्ही तळव्यांना आगेमागे कसंही बोट लावायचं. ज्या बाजूची दाद दबेल, ते तिचं उत्तर.

"आई, तुझं माहेर तासगाव ना?" उजवी दाद दबली.

"अप्पांना पोहायला येतं?" डावी दबली. धनाजीला येत नव्हतंच.

"अप्पांवर राग आहे तुझा? ते बोलले त्याचा?" धनाजी दाराची चौकट धरून उभा होता. डावी दाद दबली. आणखी एकदा विचारायला लावलं त्याने. पुन्हा डावी.

ते दोन महिने धनाजीच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, असं तो पुढे कधी कुणाला सांगायचा नाही, पण होते. प्रांजलने बदली करून घेतली, घरूनच काम सुरू केलं. बापलेक रोज नवे प्रश्न घेऊन जायचे. पलंग खिडकीकडे वळवायचा? हो. टीव्ही लावू? नाही. मामीच्या नातवाला नाव कुठलं ठेवायचं, इथपर्यंत गेलं. पाठीला जे मलम चार वर्षं लावत होते त्याने तिची आग आग होत होती, हेही कळलं. त्या दिवशी धनाजी जेवला नाही. दुखतं का, या प्रश्नाचं उत्तर दर वेळी हो यायचं, आणि कुठे दुखतं हे विचारत गेलं तर बहुतेक सगळीकडे. डॉक्टरांनी औषधं बदलली. फरक पडला का, विचारलं. डावी दाद दबली.

मग एका शनिवारी प्रांजलने विचारलं, "आई, आम्ही विचारत नाही असं काही तुला सांगायचंय का?"

हो.

"घरी यायचंय?" नाही. "कुणाला भेटायचंय?" नाही. "माझ्या लग्नाचं?" नाही. प्रांजल आईच्या उघड्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अप्पा, जरा चहा आणता?"

धनाजी चहाचे पेले घेऊन आला तेव्हा लेक भिंतीला टेकून खाली बसली होती. "मी दोनदा विचारलं," ती म्हणाली. "बाजू बदलून पण विचारलं. डॉक्टरांना बोलावून त्यांच्यासमोर विचारलं."

"काय इचारलंस?"

"श्वासाचं यंत्र बंद करायचं का, म्हणून. दर वेळी हो."

धनाजीने पेले खिडकीत ठेवले. "खोटं हाय ते. चकत्यांना काय कळतंय माणसाच्या मनातलं?"

"टोपी 'आई नाही' म्हणाली तेव्हा खोटी. 'आई आहे' म्हणाली तेव्हा पेढे वाटलेत. आता आई बोलतेय तर परत खोटी?" प्रांजलचा आवाज चढला. "तुम्हाला आई हवीय, अप्पा. आईला काय हवंय ते नकोय."

"तुज्या जिभेला हाड हाय का?" तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच लेकीवर ओरडला असेल. "मी इचारतो. माझ्या हातानं इचारतो. काय ते तिनं मला सांगू दे."

डॉक्टर नको नको म्हणत होत्या, पण त्याने ऐकलं नाही. दोन्ही तळव्यांशी बसला, प्रश्न विचारला आणि डावा हात मागे बांधून, आधी इकडे, मग तिकडे बोट फिरवलं. दोन्हीकडे पोच आली. दोन्हीकडे रेघ सरळ.

"हो बी न्हाई आन् न्हाई बी न्हाई," धनाजी म्हणाला. "माझ्याशी का बोलंना ती?"

"तिच्या मेंदूला तुमचा हात दुसऱ्याचा वाटतच नाही," डॉक्टर मुजावर हळू म्हणाल्या. "इतकी वर्षं तो कधी अंदाज चुकवून आला नाही. आपल्या स्वतःच्या हाताला कोण दाद देतं?"

"म्हंजी परक्यानं हात लावला तर बोलंल, आन् मी लावला तर न्हाई."

"हो."

हे ऐकून कुणी सुखावेल, कुणी खचेल. धनाजीला दोन्ही झालं, आणि त्यातलं कुठलं आधी झालं ते त्याला सांगता आलं नसतं. तो उठून घरी गेला.

पुढे दोन आठवडे तो केंद्रात जायचा, केस धुवायचा, नखं काढायचा, पण टोपी चढवू द्यायचा नाही. प्रांजलशी कामापुरतं बोलायचा. तीही हट्टाला पेटली नाही. आईच्या उशाशी बसून राहायची.

एका सकाळी सलूनमध्ये मंडईतले एक हमाल केस कापायला बसले होते. कानामागे कात्री चालू असताना ते म्हणाले, "बास, धनाजी." अजून थोडे केस राहिले होते, एका बाजूला जास्तच राहिले होते. पण धनाजीची कात्री जागच्या जागी थांबली. गिऱ्हाईक बास म्हणालं की बास. मग तुम्हाला ते कितीही अर्धवट दिसो, डोकं त्याचं आहे. पिढ्यान् पिढ्या हात असाच थांबत आला होता. धनाजी आरशात त्या अर्धवट कापलेल्या डोक्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकले, टॉवेल सोडला, शटर ओढलं आणि तसाच अंगावरच्या केसांनिशी केंद्रात गेला.

"प्रांजल, परत एकदा इचार तिला," तो म्हणाला. "माझ्यासमोर."

प्रांजलने विचारलं. तो पडद्याकडे बघत राहिला. उजवी दाद दबली. डावी उभी राहिली. बाजू बदलून विचारलं, तेच उत्तर. धनाजीने मान हलवली.

समिती पुन्हा बसली, पुन्हा विचारलं गेलं, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांसमोर. उत्तर बदललं नाही. तारीख ठरली. आदल्या दिवशी प्रांजलने शेवटचं म्हणून विचारलं, "आई, अप्पांनी हात धरून बसायला हवं का?" त्याचं हो आलं. "हात की पाय?" हा हो-नाहीचा प्रश्न नव्हता, म्हणून तिने फोड करून विचारला. पाय.

सकाळची वेळ होती. खिडकीतून नदीकडचं ऊन येत होतं. त्रास होऊ नये म्हणून डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाल्या, "थोडा वेळ तिला कळत राहील. मग गुंगी येईल." टोपी काढू का, असं त्यांनी विचारलं. धनाजी म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

यंत्राचा आवाज थांबला. खोली एकदम मोठी झाली. धनाजी पायाशी बसला आणि त्याने बोट तिच्या तळव्यावर ठेवलं. डावा हात त्याने चादरीत घट्ट धरला होता, स्वतःलाच धरल्यासारखा. बोट फिरवायला गेला, आणि फिरेना. उभ्या जन्मात, गळ्यावर वस्तरा धरताना, बापाला अग्नी देताना जो हात हलला नव्हता, तो आता लटलट कापत होता. बोट तळव्यावरून वेडंवाकडं, अडखळत गेलं.

पोच आली, आणि तिच्यामागून दाद उसळली.

"अप्पा!" प्रांजल ओरडली. "अप्पा, दाद! तुमच्या हाताला दाद दिली तिनं!" ती बापाच्या खांद्याला धरून हलवत होती. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी होतं.

धनाजी मात्र पांढराफटक पडला होता. या एका उंचवट्यासाठी त्याने काय काय केलं असतं. पण दाद म्हणजे काय, ते त्याला आता पुरतं ठाऊक होतं. तिला वाटलं, कुणीतरी दुसराच आहे. जायच्या वेळी तिच्या पायाशी परका माणूस बसलाय.

"मी हाय गं," तो घाईने म्हणाला. "वैजू, मीच हाय. हात कापतोय जरा. घाबरू नगं. मीच हाय."

तो बोलत राहिला. बोलता बोलता श्वास लागेपर्यंत बोलला आणि हात थोडा स्थिरावला. मग त्याने पुन्हा बोट फिरवलं, हळू, सरळ.

पोच आली. तिच्यापुढे रेघ सपाट राहिली.

"वळखलं," धनाजी म्हणाला, आणि प्रांजलकडे बघून त्याने मान डोलावली. तिला आधी कळलं नाही; मग कळलं, आणि ती येऊन त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. तो बोट फिरवत राहिला. पोच येत राहिली, दर वेळी आधीपेक्षा थोडी बुटकी. मग एकदा बोट फिरवलं तेव्हा तीही आली नाही. धनाजीने आणखी एकदा फिरवून बघितलं, आणि मग चादर तिच्या पायांवर ओढली.